होडीचं आऊटबोर्ड इंजिन वर घ्यायचंय? आधी माप घ्या, मग वजन बांधा, बोल्ट सगळ्यात शेवटी सोडा

कणकवली : सिंधुदुर्गाच्या आठ तालुक्यांपैकी समुद्र लागतो तो देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या तीनच तालुक्यांना. पण होड्या काही फक्त किनाऱ्यावरच नाहीत. कणकवली तालुक्यातलं खारेपाटण विजयदुर्ग खाडीच्या वरच्या टोकाला आहे. कणकवलीवरून वाहणारी गड नदी पुढे कालावल खाडीतून समुद्राला मिळते, तर कुडाळकडून येणारी कर्ली देवबागला. या सगळ्या पाण्यात लहान फायबर होड्या चालतात आणि त्यांच्या मागे आऊटबोर्ड इंजिन असतं. कोणी त्यावर जाळं मारतं, कोणी पर्यटक फिरवतं. पावसाळ्यात खारेपाटणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरतं, तेव्हा तर होडी आणि तिचं इंजिन चालू असणं ही अख्ख्या गावाची गरज होते.

या इंजिनाबाबत बंदीच्या दिवसांत एक काम हमखास निघतं. ‘इंजिन फार खाली बसलंय, जरा वर घेऊया.’ ऐकायला काम सोपं वाटतं. चार बोल्ट ढिले करायचे, दोघांनी उचलायचं आणि परत आवळायचं. प्रत्यक्षात बोटं चेंगरणं, पायावर इंजिन येणं किंवा लाखमोलाचं इंजिन खाडीत जाणं, हे सगळं याच पाच मिनिटांत होऊ शकतं. शिवाय चुकीच्या उंचीवर बसवलेलं इंजिन भर समुद्रात तापून बंद पडतं, ते वेगळंच.

म्हणून हे काम कधी करायचं, किती करायचं आणि कसं करायचं, ते क्रमाने समजून घेऊ.

इंजिन वर घ्यायची गरज खरंच आहे का?

बऱ्याच जणांचं कारण असतं, ‘सुकतीला पंखा वाळूला लागतो.’ हे कारण चुकीचं आहे. उथळ पाण्यासाठी इंजिनालाच सोय दिलेली असते. इंजिन मागून उचलून तिरकं करता येतं आणि बऱ्याच इंजिनांना उथळ पाण्यात हळू चालवण्यासाठी वेगळा खटका असतो. वाळू लागू नये म्हणून अख्खं इंजिन फळ्यावरच वर बसवलं, तर खोल पाण्यात पंख्याला पाणी पुरत नाही. वाळूपासून वाचायचं तर भरतीची वेळ पाळायची आणि इंजिन तिरकं करायचं, बोल्टला हात लावायचा नाही.

खरं कारण वेगळं असतं. होडीचा मागचा उभा फळा, ज्याला मेकॅनिक ट्रान्सम म्हणतात, आणि इंजिनाचा दांडा यांची मापं जुळत नाहीत. आऊटबोर्ड इंजिनं ठरलेल्या लांबीची येतात. शॉर्ट शाफ्ट इंजिन साधारण १५ इंच उंचीच्या फळ्यासाठी, लाँग शाफ्ट २० इंचासाठी आणि एक्स्ट्रा लाँग २५ इंचासाठी असतं. सेकंडहँड इंजिन घेताना अश्वशक्ती आणि किंमत सगळे विचारतात, शाफ्ट कुणी विचारत नाही. मग १७ इंचांच्या फळ्यावर लाँग शाफ्ट इंजिन बसतं आणि ते ३ इंच जादा खाली जातं.

तेव्हा पहिलं काम टेपने मोजायचं. फळ्याच्या मध्यावर, जिथे इंजिन अडकतं त्या वरच्या कडेपासून सरळ खाली होडीच्या तळापर्यंत जेवढी उंची भरेल, ती तुमच्या होडीची उंची.

पंख्यावरची आडवी पट्टी बघा

इंजिनाच्या खालच्या भागात, पंख्याच्या लगेच वर एक आडवी चपटी पट्टी असते. तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. वरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये, हे तिचं काम. इंजिनाची उंची याच पट्टीवरून ठरते.

मोजण्यासाठी होडी जमिनीवर घोडीवर ठेवा. इंजिन पूर्ण खाली करून, ही पट्टी होडीच्या तळाला समांतर येईल असं लावा. मग एक लांब सरळ लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी तळाला मध्यभागी लावून मागे इंजिनापर्यंत न्या आणि कॅव्हिटेशन प्लेट तिच्या किती वर किंवा खाली आहे ते बघा.

साध्या कामाच्या होडीसाठी सुरुवातीचं माप असं धरतात : ही प्लेट तळाच्या रेषेत किंवा तिच्या खाली एक इंचापर्यंत असावी. दोन-तीन इंच खाली असेल तर इंजिन वर घ्यायला जागा आहे. आधीच रेषेच्या वर असेल तर हात लावू नका, उलट ते खाली घ्यावं लागेल.

तळाला लाकडी पठाण असेल, म्हणजे मधला जाड कणा मागेपर्यंत आलेला असेल, तर त्याच्या मागचं पाणी घुसळलेलं असतं. अशा होडीत इंजिन थोडं खालीच बरं.

चालत्या होडीत काय दिसतं?

इंजिन फार खाली असेल तर दांड्यावर पाणी चढतं आणि तुषार फळ्यावरून आत येतात. हँडल जड लागतं, पूर्ण थ्रॉटल देऊनही होडी ओढल्यासारखी चालते आणि पेट्रोल जास्त जातं. दांड्याचा जेवढा जादा भाग पाण्यात, तेवढी ती ओढ.

इंजिन फार वर असेल तर लक्षणं उलटी दिसतात. वळताना किंवा लाट मागून आली की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि होडीचा वेग मात्र पडतो. पंखा पाण्याऐवजी हवा कापत असतो. याहून मोठा धोका थंड करणाऱ्या पाण्याचा. आऊटबोर्ड इंजिन बाहेरचंच पाणी ओढून थंड होतं आणि ते पाणी घेणारी जाळी पंख्याजवळच्या भागात असते. जाळी पाण्याबाहेर आली की पंपाचं रबर कोरडं फिरतं आणि थोड्याच वेळात जळतं. मागून पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली किंवा थांबली, तर इंजिन ताबडतोब बंद करायचं.

इथे खाडी आणि समुद्र यांत फरक आहे. कर्लीच्या किंवा कालावलच्या शांत पाण्यात जी उंची बरोबर वाटते, तीच बाहेर समुद्रात जास्त ठरू शकते. लाट होडीचा मागचा भाग उचलते आणि पंखा उघडा पडतो. म्हणून समुद्रात जाणाऱ्या होडीचं इंजिन खाडीतल्या होडीपेक्षा थोडं खाली ठेवतात. शेजाऱ्याच्या होडीचं माप बघून आपलं ठरवू नये ते यासाठीच.

आधी फळा तपासा

फायबर होडीच्या मागच्या फळ्यात बहुतेक वेळा आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरलं की वरून फायबर चांगलं दिसतं आणि आत प्लाय कुजलेलं असतं. अशा फळ्यावर इंजिन वर-खाली करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

तपासायच्या गोष्टी तीन. हातोडीच्या दांड्याने फळ्यावर सगळीकडे ठोकून बघा. खणखणीत आवाजाच्या जागी बद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा ओलं आहे. बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपतं का ते बघा. आणि इंजिनाच्या खालच्या भागाला हाताने मागे-पुढे हलवताना फळा वाकतो का, भोकाजवळ फायबरला चिरा आहेत का ते पाहा. यातलं एकही आढळलं तर आधी फळ्याची दुरुस्ती, इंजिनाचं नंतर बघायचं.

काम कुठे आणि कधी?

हे काम पाण्यात तरंगणाऱ्या होडीवर करायचं नाही. होडी हलते, माणूस हलतो आणि सुटलेलं इंजिन सरळ तळाला जातं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत बहुतेक होड्या वर काढलेल्या असतात. होडी शेडमध्ये किंवा झापाखाली कोरडी असेल तर ही वेळ या कामाला उत्तम.

होडी सपाट, घट्ट जमिनीवर घ्या. दोन्ही बाजूंना टेकू लावा. इंजिन उभं असताना त्याचा खालचा पंख जमिनीला टेकणार नाही इतका मागचा भाग उंच हवा. इंजिन तिरकं असताना बोल्ट सोडू नका. तिरक्या इंजिनाचं वजन मागे जातं आणि बोल्ट ढिला होताच ते झटका देतं.

वजन कशावर घ्यायचं?

लहान ९.९ किंवा १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण ३५ ते ४० किलो भरतं. दोन माणसं ते उचलू शकतात, पण उचलून धरून भोकं जुळवणं ही वेगळी गोष्ट आहे. ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक ७० किलोच्या पुढे जातं आणि त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ९० किलोच्या पुढे. हे वजन हातावर घ्यायचंच नाही.

त्यासाठी चेन कप्पी वापरा. ती टांगायला आपल्याकडे लोक आंब्या-काजूची फांदी शोधतात. काजूची फांदी ठिसूळ असते, ओझ्याने पटकन मोडते. जाड वाशांचं नीट बांधलेलं तिकाटणं किंवा शेडचा लोखंडी बीम त्यापेक्षा खात्रीचा.

इंजिनाचं वरचं झाकण काढलं की आत उचलण्यासाठी दिलेली कडी किंवा हुक दिसतो. साखळी तिथेच अडकवायची. झाकणाची मूठ किंवा इंजिन तिरकं करण्याची मूठ वजन टांगण्यासाठी नसते. कडी सापडत नसेल तर अंदाजाने पट्टा न गुंडाळता त्या इंजिनाच्या मेकॅनिकला विचारा.

कामाचा क्रम

१. इंजिन थंड असू द्या. आपत्कालीन बंद करण्याची दोरी काढून ठेवा. बॅटरी असेल तर तिची मायनस वायर सोडा, पेट्रोलची नळी काढा, प्लगच्या टोप्या काढा.

२. इंजिन दोन इंच वर गेलं तर हँडलची केबल, थ्रॉटलची आणि गिअरची केबल, वायर आणि पेट्रोलची नळी ताणली जाणार नाहीत ना, ते आधीच बघा.

३. इंजिन आता कोणत्या भोकावर आहे याची खूण मार्करने करा. मोबाईलवर फोटो काढा.

४. चेन कप्पी इंजिनाच्या बरोबर वर आणा. साखळी फक्त ताठ होईपर्यंत ओढा. जास्त ओढली तर होडीचा मागचा भागच उचलला जाईल आणि सगळा ताण बोल्टवर येईल.

५. शिवाय एक जाड दोरी इंजिनापासून होडीच्या मजबूत कडीला बांधा. खालच्या पंखाखाली, थोडं अंतर सोडून, लाकडी ठोकळे रचा. साखळी सटकली तरी इंजिन फार खाली येणार नाही.

६. आता पाना घ्या. इंजिनाला साधारण चार बोल्ट असतात, वरचे दोन आणि खालचे दोन. खालचे बोल्ट अनेक इंजिनांत लांबट खाचेत असतात. ते फक्त ढिले करा, काढू नका. तेच तुमचा आधार आहेत. मग वरचे दोन काढा. तुमच्या इंजिनाला खाली खाचेऐवजी गोल भोकं असतील तर तेही काढावे लागतात. अशा वेळी चौथ्या आणि पाचव्या पायरीतली बांधणी पुन्हा एकदा तपासल्याशिवाय ते काढू नका.

७. लहान इंजिनाला फळ्यावर आवळायचे दोन हाताचे स्क्रू असतात. तेही आता ढिले करा.

८. एका माणसाने साखळी हळूहळू ओढायची, दुसऱ्याने भोक बघायचं. बोलायचं एकानेच. इंजिनाच्या ब्रॅकेटवरची वरची भोकं साधारण पाऊण इंचाच्या अंतरावर असतात. इंजिन वर गेलं की होडीतलं जुनंच भोक ब्रॅकेटच्या खालच्या भोकासमोर येतं. म्हणून होडीला नवं भोक पाडायची गरज नसते.

९. एका वेळी एकच भोक वर घ्या. भोक जुळलं का ते बघायला बोट आत घालू नका, स्क्रूड्रायव्हर घाला.

१०. बोल्टच्या भोकात समुद्री कामाचं सीलंट भरा. बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आतून मोठे वायसर किंवा पट्टी आणि नायलॉन लॉकचे नट वापरा. आधी हाताने सगळे लावा, मग आलटून पालटून आवळा. फायबर दबेपर्यंत आवळू नका.

११. सगळे बोल्ट आवळून झाल्यावरच साखळी सोडा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि इंजिन पूर्ण वर-खाली करून केबल कुठे अडकते का ते बघा.

एवढ्याने भागलं नाही तर?

चार भोकांच्या ब्रॅकेटवर सगळं मिळून सव्वादोन इंचच वर जाता येतं. त्याहून जास्त फरक असेल तर फळ्याची उंचीच वाढवावी लागते. काही जण फळ्याच्या कडेवर फळकूट ठेवून त्यावर इंजिन अडकवतात. नुसतं ठेवलेलं फळकूट धक्क्याने सरकतं आणि हाताचे स्क्रू फळ्याऐवजी फळकुटावरच अर्धवट बसतात. असं करायचंच असेल तर सागवानी पट्टी फळ्याला बोल्ट आणि इपॉक्सीने पक्की करून, वरून फायबर मारून घ्या. स्क्रूची पूर्ण चकती सपाट जागेवर बसली पाहिजे. मोठ्या इंजिनासाठी हे काम होडी बांधणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावं. शाफ्ट आणि फळ्यात पाच इंचांचा फरक असेल, तर योग्य शाफ्टचं इंजिन शोधणं हेच शेवटी स्वस्त पडतं.

पाण्यात चाचणी

जमिनीवर, पाण्याशिवाय इंजिन चालू करून बघू नका. पंपाचं रबर तिथेच जातं.

चाचणी भरतीला, किनाऱ्याजवळ, शांत पाण्यात घ्या. होडीत दोघे जण हवेत, दोघांच्या अंगात लाईफ जॅकेट हवं आणि बंद करण्याची दोरी चालवणाऱ्याच्या हाताला हवी. होडीत रोजचं वजन ठेवा, म्हणजे जाळी, बर्फ, माणसं. रिकाम्या होडीत घेतलेली चाचणी फसवते, कारण वजन भरलं की मागचा भाग बसतो आणि सगळं माप बदलतं.

आधी पिचकारी बघा. मग हळूहळू वेग वाढवा. पूर्ण वेगात सरळ, मग डावीकडे, मग उजवीकडे वळवा. आवाज चढला आणि वेग पडला तर एक भोक खाली या. सगळं ठीक असेल आणि अजून दांड्यावर पाणी चढत असेल, तर परत किनाऱ्यावर येऊन आणखी एक भोक वर घ्या. परत आल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघा. पहिल्याच फेरीत ते थोडे बसतात.

समुद्रात इंजिन बंद पडून होडी वाहायला लागली, तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक मोफत आहेत. ते मोबाईलमध्ये आत्ताच साठवून ठेवा. होडीत वल्ही आणि नांगर असावा, हे सांगायलाच नको.

तिरक्या इंजिनाखाली हात नको

आणखी एक गोष्ट, जी बोल्ट न सोडताही अंगावर येते. पंख्यात अडकलेलं जाळं काढायला इंजिन तिरकं करतात आणि खटक्याच्या भरवशावर खाली हात घालतात. जुन्या इंजिनाचा खटका झिजलेला असतो. आधी इंजिन बंद करा, दोरी काढा, खटका लावा आणि शिवाय लाकडी ठोकळा किंवा दोरी द्या. टेम्पोतून होडी नेताना तर खटक्यावर इंजिन कधीच ठेवू नका. खड्ड्यातल्या धक्क्याने खटका मोडतो आणि सगळा मार फळ्यावर बसतो. इंजिन काढून वेगळं न्यावं किंवा खालून ठोकळ्याचा भक्कम टेकू द्यावा.

काम पूर्ण झालं की होडीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा : कोणत्या तारखेला, कितव्या भोकावर इंजिन बसवलं आणि कॅव्हिटेशन प्लेट तळापासून किती इंचावर आहे. पुढच्या वर्षी मेकॅनिक बदलला, इंजिन बदललं किंवा होडी विकली, तरी हे तीन आकडे पुन्हा कामाला येतात.